कपाटातले चार वाडगे
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने आम्हाला वीस मिनिटे दिली आहेत, आणि विषय तुमचा तुम्ही निवडा असे सांगितले. आम्ही कोणी विद्वान नाही. सूतगिरणीत रिंग खात्यात तीस वर्षे काढली. शाळा नववीत सुटली. बाकीचे शिक्षण झाले ते वाचनालयात, युनियनच्या ऑफिसात आणि रात्रपाळी सुटल्यावर. तेव्हा चुकले-माकले तर सांभाळून घ्या.

विषय आम्ही बरोबर आणला आहे. तो ह्या टेबलावर ठेवला आहे, मागच्यांनी जरा मान वर करून बघावे. हे चार वाडगे. मातीचे. चहा पिण्याचे.

गेल्या वर्धापनदिनाला आपल्याच वस्तीतल्या एका मुलीने हे विहाराला दान दिले. ती कला महाविद्यालयात मातीकाम शिकली, आता एका शेडमध्ये चाक आणि भट्टी टाकून स्वतः भांडी करते. दानाच्या वहीत नोंद झाली, "मातीची भांडी, नग ४." देणारीचे नाव लिहायचे राहून गेले. त्यानंतर हे वाडगे गेले लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या सतरंज्यांच्या मागे. वर्षभर तिथेच होते.

का गेले? त्या दिवशी जे बोलणे झाले ते सांगतो. एक जण म्हणाले, "हे वाकडे आहेत, सेकंडचा माल दिला वाटतं." दुसरे म्हणाले, "शिकून कुंभारीन झाली काय?" लोक हसले. आणि मग आपल्या वस्तीतल्या एक आजी बोलल्या. त्या म्हणाल्या, "आपल्या माणसांच्या गळ्यात मडकं बांधत होते. ते बाबासाहेबांनी काढलं. आता परत विहारात मडकं कशाला आणता?"

सगळे गप्प झाले. कोणाला उत्तर सुचले नाही, आम्हालाही सुचले नाही. वाडगे कपाटात ठेवण्यात आमचाही हात होता, हे आम्ही कबूल करतो. पण आजींचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. वर्षभर आम्ही वाचले, त्या मुलीच्या शेडवर रविवारी जाऊन बसलो, तिला विचारले, तिने पुस्तके दिली ती समजून घेतली. जे हाती लागले ते आज आजींसमोर ठेवतो. आजी पुढच्याच ओळीत बसल्या आहेत. पटले नाही तर त्यांनी उठून सांगावे.

आधी हे सांगतो की आजींचे म्हणणे खरे आहे. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' मध्ये लिहून ठेवले आहे की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, का तर त्याची थुंकी जमिनीवर पडू नये. हे विसरायचे नाही. आणि मडके गेले तरी कप राहिला होता. आमच्या वडिलांच्या गावी हॉटेलाच्या बाहेर, भिंतीच्या कोनाड्यात आपल्या लोकांचा कप असे. कान तुटलेला. आपणच तो उतरवायचा, समोर धरायचा, वरून चहा ओतला जायचा. प्यायचा, विसळायचा आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. पैसे मात्र तेवढेच. वडील शहरात आले, गिरणीला लागले, पण आयुष्यभर हॉटेलात चहा प्यायला नाहीत. आम्ही लहान असताना आम्हाला वाटे की त्यांना चहा आवडत नाही. घरी मात्र दिवसाला चार वेळा प्यायचे. मोठे झाल्यावर उलगडा झाला.

तर आजी, भांड्याचे दुःख आम्हालाही ठाऊक आहे. पण एक गोष्ट बघा. वडिलांचा तो कप मातीच्या मडक्याचा नव्हता. चांगला चिनीमातीचा, कारखान्यातला कप होता. विटाळ भांड्यात नव्हता, ते भांडे वेगळे ठेवणाऱ्याच्या डोक्यात होता. मडक्याने आपला अपमान केला नाही. अपमान माणसांनी केला आणि मडक्याला कामाला लावले.

आता भगवंतांनी मातीच्या भांड्याबद्दल काय सांगितले ते ऐका. विनयपिटकात चुल्लवग्गात कथा आहे. राजगृहाच्या एका श्रीमंत श्रेष्ठीने चंदनाच्या लाकडाचे पात्र करून ते उंच बांबूवर टांगले, आणि म्हणाला, जो अर्हत ऋद्धीने वर जाऊन काढील त्याचे. पिंडोल भारद्वाजांनी ते चमत्कार करून काढले. लोक त्यांच्या मागे गलका करीत आले. भगवंत प्रसन्न झाले नाहीत, उलट रागे भरले. ते पात्र फोडून त्याची पूड करायला लावली. लाकडाचे पात्र बंद केले. सोन्याचे, रुप्याचे, रत्नाचे, काशाचे, तांब्याचे, सगळे बंद केले. दोनच पात्रे ठेवली, लोखंडाचे आणि मातीचे. म्हणजे राजपुत्राच्या घरी जन्मलेल्याने भिक्खूच्या हातात मातीचे भांडे दिले. आणखी एक गोष्ट. राजगृहात भगवंत एकदा रात्रीच्या मुक्कामाला उतरले ते भग्गव नावाच्या कुंभाराच्या शेडमध्ये. मज्झिमनिकायात हे आले आहे. तेव्हा "कुंभारीन झाली काय" असे हसणाऱ्यांनी थोडा विचार करावा.

आता हे चार वाडगे एकेक करून बघू. ह्या मुलीने चारही मुद्दाम वेगळे केले आहेत. प्रत्येकाच्या मागे एक देश आहे, आणि त्या देशाची एक गोष्ट आहे.

पहिला हा काळा. ह्याच्या अंगावर सशाच्या केसासारख्या तपकिरी रेघा उतरल्या आहेत. त्या रंगवलेल्या नाहीत. झिलईत लोखंडाचा अंश असतो, भट्टीच्या तापात तो वितळून खाली ओघळतो, त्याच्या ह्या रेघा. हे काम चीनचे. सुंग राजवटीत, म्हणजे ९६० ते १२७९ ह्या काळात, फुजियान प्रांतात जियान नावाच्या भट्ट्यांत असे काळे वाडगे लाखांनी होत. डोंगराच्या उतारावर अजगरासारख्या लांबलचक भट्ट्या, एकेक शंभर मीटरहून लांब. खाली जाळ लावायचा, तो चढत चढत वर जायचा. काळाच रंग का? तर तेव्हा चहाची पूड गरम पाण्यात घुसळून प्यायचे, त्याला पांढरा फेस यायचा, आणि काळ्यावर पांढरा उठून दिसतो.

हे वाडगे बौद्ध विहारांत वापरले जात. ध्यानाला बसलेल्या भिक्खूंना झोप येऊ नये म्हणून चहा. आपल्या भाषेतला ध्यान हाच शब्द चीनमध्ये चान झाला आणि जपानमध्ये झेन झाला. एइसाई नावाचा जपानी भिक्खू चीनमध्ये शिकून ११९१ साली परत गेला, तो चहाचे बी घेऊन गेला. १२११ साली त्याने चहा प्रकृतीला कसा चांगला ह्याच्यावर पुस्तक लिहिले. जपानी भिक्खू चीनच्या तियानमू डोंगरावरच्या विहारांतून हे काळे वाडगे घेऊन परतत, म्हणून त्या डोंगराच्या नावावरून जपानमध्ये ह्याला तेनमोकू म्हणतात. त्यातले काही वाडगे आज जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केले आहेत. बघा, भिक्खूंच्या जागरणाचे भांडे.

दुसरा हा पिवळसर. ह्याच्यावर त्या दिवशी सगळ्यात जास्त लोक हसले. तळाशी झिलई फुटून खडे खडे झाले आहेत, कडा एका बाजूला कललेली. ह्याची गोष्ट नीट ऐका, कारण आमचे सगळे म्हणणे हिच्यात आहे.

जपानच्या क्योतो शहरात दाइतोकूजी नावाचे मोठे झेन विहार आहे. त्याच्या आवारातल्या कोहोआन नावाच्या लहान विहारात एक वाडगा आहे, किझाएमोन इदो. तोंडाचा घेर असा, साधारण पंधरा सेंटिमीटर. असाच पिवळसर, असाच खडबडीत. तो जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. पण तो जपानी नाही. तो सोळाव्या शतकात कोरियात झाला. किझाएमोन हे नाव तो करणाऱ्याचे नाही, तो विकत घेऊन बाळगणाऱ्या ओसाकाच्या एका व्यापाऱ्याचे आहे. १७७५ च्या सुमारास मात्सुए संस्थानच्या मात्सुदाइरा फुमाई नावाच्या सरदाराने तो ५५० सुवर्ण नाण्यांना घेतला. अशी वदंता होती की जो हा वाडगा ठेवील त्याच्या अंगावर गळवे उठतात. फुमाई १८१८ साली वारला, आणि पुढे त्याच्या घरच्यांनी तो विहाराला देऊन टाकला.

१९३१ साली यानागी सोएत्सू नावाच्या जपानी विचारवंताने तो पाहिला. पेटीच्या आत पेटी, अशा पाच पेट्यांतून तो बाहेर काढला गेला. यानागीने लिहिले त्याचा मतलब असा की ही तर गरिबाची भाताची वाटी आहे. घाईघाईत केलेली, स्वस्तात विकलेली. करणाऱ्याला आपण काही सुंदर करतो आहोत अशी जाणीवही नव्हती, आणि म्हणूनच ती सुंदर आहे. आता काही अभ्यासक म्हणतात की ती रोजची वाटी नसून पूजाविधीचे भांडे असेल. ते काही असो. ज्याने केली तो कोरियाचा साधा कुंभार होता, आणि त्याचे नाव कोणालाही माहीत नाही, ह्यावर मात्र सगळ्यांचे एकमत आहे.

इथे आम्ही थांबलो. त्या मुलीला आम्ही विचारले, "बाई, व्यापाऱ्याचे नाव राहिले, सरदाराचे राहिले, विहाराचे राहिले, किंमतसुद्धा राहिली. मग करणाऱ्याचेच नाव कसे हरवले?" ती म्हणाली, "काका, हरवलं नाही. कोणी विचारलंच नाही."

हे वाक्य आम्ही घरी घेऊन आलो. रात्रभर झोप लागली नाही. ह्या पिवळ्या वाडग्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत.

तिसरा हा लाल. हा चाकावर केलेला नाही. मातीचा गोळा हातात घेऊन, दाबून, थापटून उभा केला आणि सुरीने तासला. ह्याला राकू म्हणतात. भट्टीतून लालभडक असताना लांब चिमट्याने बाहेर ओढतात आणि उघड्यावर निवू देतात. जाडसर असतो, मऊ असतो, त्यामुळे आत कढत चहा असला तरी हात भाजत नाही. दोन्ही हातांनी धरावा लागतो. त्याला कान नाही, त्यामुळे कान तुटायचा प्रश्नच नाही!

हा प्रकार चोजिरो नावाच्या माणसाने सुरू केला. त्याचा मूळ धंदा कौलांचा असे सांगतात, आणि त्याचा बाप चीनमधून आलेला. म्हणजे घरावर घालायची कौले करणाऱ्याच्या हातचा वाडगा! तो करवून घेतला सेन नो रिक्यू ह्याने. रिक्यू हा साकाई बंदरातल्या मासळीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. जपानमध्ये चहा पिण्याचा जो विधी आहे त्याला त्याने शेवटचे रूप दिले. तोवर श्रीमंत लोक चीनची महागडी भांडी मांडून मिरवत. रिक्यूने ते बाजूला सारले. खोली केली दोन चटयांची, मातीच्या भिंतीची. आणि दार केले एवढेसे, की आत रांगत जावे लागे. सरदार असो, राजा असो, तलवार बाहेर ठेवायची आणि वाकून आत यायचे. आत सगळ्यांनी एका पातळीवर बसायचे. एकच वाडगा हातोहात फिरायचा, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचे.

बंधूंनो, एकाच वाडग्यातून! आणि इकडे आमच्या वडिलांचा कप कोनाड्यात.

पण जपानची आरती ओवाळायला आम्ही उभे नाही. त्या काळी जपानचा सत्ताधीश होता तोयोतोमी हिदेयोशी. हा माणूस अगदी तळातून वर आला, साध्या शेतकरी-शिपायाच्या घरातला. वर गेल्यावर त्याने काय केले? १५८८ साली शेतकऱ्यांची हत्यारे काढून घेतली. १५९१ साली फर्मान काढले की शिपायाने शिपाईच राहावे आणि शेतकऱ्याने शेतकरीच. ज्या शिडीने स्वतः चढला ती वर ओढून घेतली. चहासाठी सोन्याची खोली करवली. आणि त्याच १५९१ साली रिक्यूला स्वतःचे पोट फाडून मरण्याची आज्ञा केली. कारणे इतिहासकार वेगवेगळी सांगतात. पण दोन चटयांची खोली सोन्याच्या खोलीला खुपते, एवढे आपल्याला कळते. चहाच्या खोलीतली समता चहापुरतीच होती. दाराबाहेर पाऊल टाकले की पुन्हा उच्च-नीच. जपानमध्येही कातडे कमावणारांना, मेलेली जनावरे ओढणारांना अस्पृश्य मानत. त्यांनी १९२२ साली क्योतो शहरात सुइहेइशा नावाची आपली संघटना उभी केली. त्या नावाचा अर्थच सपाट, समपातळी करणारे असा आहे. आपला महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी, १९२७ चा.

ह्याच हिदेयोशीने १५९२ ते १५९८ मध्ये कोरियावर दोन स्वाऱ्या केल्या. लाखो माणसे देशोधडीला लागली. आणि परत येताना जपानी सरदारांनी काय लुटून आणले? कुंभार! बायकापोरांसकट कुंभारांना धरून जहाजात घातले, कारण सरदारांना कोरियन वाडग्यांचे वेड लागले होते. ह्या लढाईला कुंभारकामाची लढाई असेही नाव पडले आहे. त्यातल्या यी साम-प्योंग ह्याला १६१६ च्या सुमारास आरिता गावी पांढऱ्या चिनीमातीचा दगड सापडला, आणि जपानचा सगळा चिनीमातीचा धंदा तिथून उभा राहिला. बेक पा-सोन नावाची एक बाई होती. नवऱ्याबरोबर धरून आणलेली. नवरा गेल्यावर तिने आपल्या लोकांचा जथा घेऊन आरिता गाठले आणि तिथे भट्ट्या चालवल्या. नव्वदी पार करून वारली. तिच्या पणतवाने १७०५ साली तिचा स्मृतिदगड उभारला. सात्सुमा प्रांतात १५९८ साली आणलेल्या एका कुंभाराच्या घराण्यात आजही तेच काम चालते, पंधरावी पिढी आहे. चारशे वर्षे त्यांनी आपले कोरियन आडनाव जपले.

म्हणजे बघा. भांडे आवडले, ते करणारा गुलाम केला. आपल्या भाषेत सांगायचे तर कापड पाहिजे, विणकर नको. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या लोकांना विणाई खात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून बाकीचे कामगार विटाळ मानत. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला. कापड मात्र सगळे नेसत होते.

आता चौथा वाडगा. हा तपकिरी, साधा, वरून एकदाच झिलईची धार ओतलेली. हा अलीकडचा, विसाव्या शतकातला. हामादा शोजी नावाचा जपानी कुंभार आणि बर्नार्ड लीच नावाचा इंग्रज, ह्या दोघांच्या वळणाचा. लीचचा जन्म हाँगकाँगचा, १८८७ चा. १९०९ साली तो जपानला गेला आणि तिथे मातीकाम शिकला. १९२० साली हामादाला बरोबर घेऊन इंग्लंडात सेंट आइव्हज गावी त्याने भट्टी उभारली, जपानी पद्धतीची, टेकडीवर चढत जाणारी. एका माणसाने स्वतः माती मळायची, स्वतः चाक फिरवायचे, स्वतः भाजायचे, ही आजची स्टुडिओतली कुंभारकी जगात पसरली त्यात ह्या दोघांचा मोठा वाटा आहे. आपल्याकडचे सरदार गुरचरण सिंग १९१९ साली जपानला गेले, त्यांची ह्या मंडळींशी गाठ पडली. त्यांनी पुढे दिल्लीत भट्टी घातली आणि कितीतरी जणांना शिकवले. आपल्या मुलीच्या हातातली विद्या अशी फिरत फिरत आली आहे. चीन, कोरिया, जपान, इंग्लंड, दिल्ली आणि आपली शेड.

हामादा इंग्लंडहून परतला तो माशिको नावाच्या खेड्यात राहिला. तिथे तोक्योच्या स्वयंपाकघरांसाठी बरण्या-मडकी होत. त्याने तिथलीच माती वापरली, तिथल्याच दगडाची आणि राखेची झिलई केली. त्याची एक गोष्ट सांगतात. झिलई ओतायला त्याला काही क्षणच लागत. कोणी म्हणाले, एवढ्या झटपट कामाला एवढी किंमत? त्यावर त्याने सांगितले की त्या क्षणांमागे साठ वर्षे आहेत. आपल्या बायाबापड्यांना हे समजावून सांगायला नको. तुटलेला धागा सांधायला आम्हाला दोन-तीन सेकंद लागतात. ते दोन-तीन सेकंद शिकायला किती वर्षे गेली ते आमच्या बोटांना विचारा.

हा हामादा आपल्या भांड्यांवर नाव किंवा शिक्का घालीत नसे. यानागी त्याचा मित्र. यानागीचे तत्त्वच होते की अनामिक कारागिराचे काम श्रेष्ठ. मी-पणा गेला की सौंदर्य येते. आता हे ऐकून वाटते, वा, हा तर अनात्मवाद! आम्हालाही आधी तसेच वाटले. यानागीबद्दल आम्हाला आदर आहे. १९२२ साली जपान सरकार कोरियात राजवाड्याचा मोठा दरवाजा पाडायला निघाले तेव्हा त्याने स्वतःच्या सरकारविरुद्ध लिहिले, आणि तो दरवाजा पाडण्याऐवजी हलवला गेला. १९२४ साली त्याने सोल शहरात कोरियन लोककलेचे संग्रहालय काढले, १९३६ साली तोक्योत दुसरे. गरिबाच्या वाटीत सौंदर्य आहे हे त्याने मोठ्या लोकांच्या तोंडावर सांगितले. ही लहान गोष्ट नाही.

पण तरी आमचे त्याच्याशी एका जागी भांडण आहे. हामादाने नाव सोडले, कारण त्याच्याकडे सोडायला नाव होते. तो जगप्रसिद्ध होता, सरकारने १९५५ साली त्याला मानाची पदवी दिली. त्याच्या भांड्यावर नाव नसले तरी दुकानदाराला ते कोणाचे हे माहीत होते. पण ह्या पिवळ्या वाडग्याच्या कुंभाराने काय सोडले? त्याला नाव कोणी दिलेच नव्हते! ज्याने मी-पणाचा त्याग केला तो एक, आणि ज्याला 'मी' म्हणण्याची परवानगीच नव्हती तो दुसरा. ह्या दोघांना एका तागडीत कसे घालायचे? भगवंतांनी घर सोडले तो त्याग. आपल्या वाडवडिलांना गावात घरच नव्हते, वेशीबाहेर होते, त्याला त्याग म्हणायचा का?

आम्ही तीस वर्षे सूत कातले. त्या सुताचे किती कापड झाले असेल, किती लोक ते नेसले असतील. एकाही कापडावर आमचे नाव नाही, गिरणीचा शिक्का आहे. कोणी उद्या येऊन म्हणाला की अनामिक कामगाराची थोरवी केवढी, तर आम्ही त्याला हात जोडून सांगू, भाऊ, आधी नाव विचार, थोरवी मागून सांग. बाबासाहेबांनी आपल्याला पहिली गोष्ट दिली ती हीच. मान वर करून स्वतःचे नाव सांगायची. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जे घडले त्यात हेही घडले.

आणि म्हणून सांगतो, गेल्या वर्षी आपल्या हातून काय झाले ते बघा. दानाच्या वहीत "मातीची भांडी, नग ४." नाव नाही! चारशे वर्षांपूर्वी कोरियाच्या कुंभाराचे जे झाले तेच आपण आपल्या मुलीचे केले. त्यांनी निदान वाडगा पाच पेट्यांत ठेवला, आपण सतरंज्यांच्या मागे टाकला.

शेवटचा एक मुद्दा, मग आम्ही खाली बसतो. कपाटातून काढताना ह्या लाल वाडग्याचा टवका उडालेला दिसला. आम्हाला फार वाईट वाटले. वाडगा घेऊन त्या मुलीकडे गेलो. ती रागावली नाही. तिने लाखेसारख्या रोगणाने तुकडा जोडला आणि सांध्यावर सोनेरी पूड लावली. ही बघा सोनेरी रेघ. जपानमध्ये ही रीत आहे, तिला किंत्सुगी म्हणतात. भेग लपवायची नाही, दाखवायची. वाडगा फुटला होता आणि सांधला गेला, हे सगळ्यांना दिसू द्यायचे. आणि भन्तेजींनी आम्हाला सांगितले की विनयातही नियम आहे. भिक्खूच्या पात्राला पाच ठिकाणी सांधा लागेपर्यंत त्याने नवे पात्र मागू नये. म्हणजे फुटलेल्याला टाकून द्यायचे नाही ही शिकवण मुळात आपली आहे.

वडिलांचा तो कान तुटलेला कपही फुटकाच होता. पण तो सांधून दिलेला नव्हता, फुटका म्हणून आपल्याला दिलेला होता. आजी, फरक इथे आहे. जे गळ्यात बांधले ते मडके दुसऱ्याने लादले होते. हे वाडगे आपल्या लेकीने स्वतःच्या मनाने, स्वतःच्या हाताने केले आणि स्वतः होऊन विहाराला दिले. भांडे मातीचेच, पण हात मोकळा. आम्हाला वर्षभरात जे उत्तर सापडले ते एवढेच आहे.

आता कमिटीला आमची नम्र विनंती आहे. एक, दानाच्या वहीत आजच्या आज त्या मुलीचे नाव लिहावे, मागच्या तारखेची दुरुस्ती म्हणून. दोन, वाडगे पुन्हा कपाटात जाऊ नयेत. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर चहा होतो, तो ह्या वाडग्यांतून व्हावा. चारच आहेत, तर फिरवून प्यावा, विसळावा आणि पुढच्याला द्यावा. आणखी लागले तर तिच्याकडून विकत घ्यावेत, फुकट मागू नयेत. कामाचे दाम द्यावे. आणि त्या मुलीलाही एक सांगणे आहे. बाई, तू पुढच्या वाडग्याच्या बुडाशी तुझे नाव कोर. थोर लोक नाव कोरत नाहीत असे पुस्तकात असेल. तू कोर. पुढच्या दहा पिढ्या कोरू देत, मग बघू सोडायचे का ते.

आज कार्यक्रम संपल्यावर चहा आहे. ह्या पिवळ्या वाडग्यातला पहिला चहा आजींनी घ्यावा अशी आमची इच्छा आहे. त्यांना नको असेल तर आग्रह नाही, त्यांचा तो अधिकार आहे. त्यांच्या नंतर जो पुढे येईल त्याने घ्यावा. आमचा नंबर शेवटी लागला तरी चालेल, पण वडिलांच्या वाटणीचा एक घोट आम्ही घेणार आहोत.



भवतु सब्ब मंगलम्! नमो बुद्धाय! जयभीम!